कच्च्या शब्दांचं गाणं

वारा सकाळपासून वेड्यासारखा सुटला होता. गार, कोरडा, आणि नेमका डोळ्यांतच कचरा टाकणारा. किल्लीवाल्यानं शटर अर्धंच वर सारलं, मशीनवरचं फडकं झटकलं, कानशी ओळीनं मांडल्या आणि कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे खिळ्यांना अडकवले. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधली फट होती ती. आत एक माणूस उभा राहिला की दुसऱ्यानं श्वास घ्यायला रस्त्यावर जायचं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक शिक्षक. कपाटाच्या किल्लीचे दोन तुकडे हातावर घेऊन उभे होते.

"कुणी मोडली? तुम्ही की बायकोनं?"

"कपाटानं."

"असं होय. माजलीत हल्ली कपाटं."

शिक्षक हसले नाहीत. त्यांना शाळेला उशीर होत होता. किल्लीवाल्यानं तुकडे जुळवून चिमट्यात धरले, शेजारी कोरी किल्ली आवळली आणि मशीन सुरू केलं. पितळेचा चुरा उडायला लागला. शेजारी फळवालीची गाडी. तिनं आपला फोन रिकाम्या खोक्यात ठेवला होता, म्हणजे आवाज मोठा येतो. त्यातून एक गाणं लागलं.

चाल कानावर पडली आणि किल्लीवाल्याची छाती फुगली. ही तर आपलीच! आपली म्हणजे दोस्ताची, पेटीवाल्याची, पण शब्द आपले. शेवटी आलं म्हणायचं गाणं बाहेर! मान डोलवत तो शब्दांची वाट बघू लागला. नदीची वाट येणार, चांदणं येणार, लाट येणार.

गाणारी बाई अगदी कानाशी बसून सांगावं तशी म्हणाली,

"मी या घरात पाहुणी गं, चप्पल माझी दाराशी,
थांब म्हणालं कुणी तर थांबेन, नाहीतर आहे पिशवी."

किल्लीवाल्याचा हात मशीनवरच राहिला. चाकानं खाच कापली, मग खाचेच्या पुढचं कापलं, मग किल्लीच अर्धी खाल्ली.

"अहो! अहो, लक्ष कुठंय?" शिक्षक ओरडले.

मशीन बंद झालं, पण गाणं चालूच राहिलं. ती बाई पुन्हा तेच म्हणाली, आता जरा वरच्या सुरात. पिशवी. गाण्यात पिशवी! त्याला आधी वाटलं, कुणीतरी आपली चेष्टा करतंय. मग वाटलं, आपल्यालाच भास होतोय.

"दादा, ऐकलंत का हे?" फळवाली पदरानं नाक पुसत म्हणाली. "कालपासून लावतेय. बाई चाललीये हो घर सोडून. पिशवीसुद्धा भरून ठेवलीये. आणि तो मेला नवरा! एक थांब म्हणायला काय जीव जातो का त्याचा?"

"नवरा कुठं आहे यात?" किल्लीवाल्यानं विचारलं. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"नाहीये ना! तेच तर. असता तर ती गाणं कशाला म्हणाली असती?"

शिक्षकांना संध्याकाळी या म्हणून त्यानं वाटेला लावलं आणि स्टुलावर बसला.  त्या ओळी त्याच्या नव्हत्याच. त्या त्याच्या बायकोच्या होत्या.

त्याचं असं होतं. हा माणूस किल्ल्या करतो त्या बापाच्या हाताखाली शिकला म्हणून, आणि गाणी लिहितो ती कुणीच शिकवली नाहीत म्हणून. विशीत असताना पेटीवाल्याच्या खोलीचं कुलूप उघडायला गेला होता. आत पेटीवाला एका चालीवर शब्द बसवत डोकं आपटत होता. यानं कुलूप उघडता उघडता एक ओळ टाकली, ती बसली. तेव्हापासूनची जोडी. कधी नाटकमंडळीसाठी, कधी कुणाच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी, कधी नुसतंच गाणं म्हणून.

चाल आधी यायची. पेटीवाला ती फोनवर गुणगुणून पाठवायचा. मग किल्लीवाला त्यावर कच्चे शब्द टाकायचा. कच्चे शब्द म्हणजे काहीही. चालीचं वजन धरायला दगडधोंडे चालतात, तसं. घरात जे कानावर पडेल ते उचलायचं. आईनं "दूध उतू गेलं, कुणी बघितलं नाही" म्हटलं की ते एखाद्या विरहगीताच्या जागी बसायचं. एकदा तर एका अंगाईवर आठवडाभर "गॅसवाला आला नाही, नंबर लावा पुन्हा" असंच चाललं होतं. गायिका त्यावर चाल पाठ करायची, आणि रेकॉर्डिंगच्या आधी हा पक्के शब्द द्यायचा. पक्के शब्द घासूनपुसून केलेले असायचे. एकेक ओळ दहादा तपासायची, वरच्या सुराला तोंड उघडेल असा 'आ'चा स्वर आला पाहिजे, शेवटी श्वासाला जागा पाहिजे. कच्च्यातला एक शब्दही पक्क्यात राहू द्यायचा नाही, हा त्याचा नेम. राहिला तर त्याला ते फसवणूक केल्यासारखं वाटे.

आणि कच्च्या शब्दांचा अर्थ बघायचा नाही. हा नेम नव्हता, सवय होती. अर्थामध्ये अडकलं की वजन चुकतं.

मागच्या हिवाळ्यात या चालीला शब्द सापडत नव्हते. तो घरात येरझारा घालत होता. बायको गॅलरीत बहिणीशी फोनवर बोलत होती, पाठमोरी. दारातून एक वाक्य आलं, चालीवर असं चपखल बसलं की त्यानं टाळीच दिली स्वतःला. पळत आत गेला, लिहिलं, पाठवून दिलं. मग दोन आठवडे घासून पक्कं केलं. "मी नदीची वाट पाहते, चांदणे झरे आकाशी, लाट म्हणाली ये तर येईन, नाहीतर आहे उदासी." समाधान झालं. विसरला.

आज फळवालीच्या खोक्यातून ते वाक्य परत आलं तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की ते वाक्य होतं. कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं.

त्यानं शटर ओढलं आणि वाऱ्यात डोकं खुपसून पेटीवाल्याकडे निघाला.

पेटीवाल्याची खोली टायरच्या दुकानावर होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीला घोंगडी, आणि सगळ्यावर रबराचा वास. पेटीवाला हेडफोन गळ्यात घालून खूश बसला होता.

"ये रे किल्ल्या, ये! अख्खं गाव गातंय आपल्याला."

"ते शब्द कच्चे होते."

"माहितीये."

"मी पक्के पाठवले होते."

"तेही माहितीये. ते चांदण्याचे ना? बाईंनी गायले की. पुन्हापुन्हा गायले. प्रत्येक वेळी 'उदासी' आली की त्या घड्याळाकडे बघायच्या."

"मग?"

"मग काय! सुरुवातीला गळा मोकळा करायला म्हणून त्यांनी तुझे कच्चेच म्हटले होते. मी माईक बघत होतो, रेकॉर्डिंग चालू राहिलं होतं. चांदणं काही जमेना, तेव्हा मी तो पहिला ट्रॅक लावून ऐकवला. बाई ऐकत बसल्या आणि उठल्याच नाहीत.  मग म्हणाल्या, हेच ठेवा. ज्यानं लिहिलंय त्याला बायकांचं मन कळतं."

किल्लीवाला जमिनीवरच बसला.

"अरे, रडतोस काय? कौतुक सांगतोय."

"रडत नाहीये. मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाला असतास. तुला कच्चं कधी आवडलंय? म्हटलं आधी लोकांना ऐकू दे, मग तुझ्या तोंडावर फेकू."

"काढून टाक ते गाणं."

पेटीवाला हसायला लागला. मग मित्राचा चेहरा बघून थांबला. "कसं काढू? लोकांच्या फोनमध्ये गेलंय ते. घरोघरी जाऊन पुसत बसू का? उलट ऐक, अजून एक अंतरा पाहिजे. बाई म्हणतात मोठं करून पुन्हा गाऊ. पण चांदणंबिंदणं नको. हा जिथून आणलास ना, तिथूनच आण."

"तिथून?" किल्लीवाला म्हणाला. तो उठला आणि जिना उतरायला लागला. 

घराचा जिना चढून तो दाराशी आला आणि बाहेरच उभा राहिला. दाराबाहेर बायकोची चप्पल होती. टाचा भिंतीकडे, अंगठे जिन्याकडे. आत चपलांची मांडणी आहे, तीन खणांची. वरच्या खणात त्याचे बूट, मधल्यात आईच्या चपला. खालच्या खणात गंजकी कुलपं होती. भंगारातून त्यानंच आणलेली, कधीतरी उघडून बघू म्हणून. कधीपासून होती ती तिथं? लग्नाच्या आधीपासून. म्हणजे या बाईनं संसाराच्या पहिल्या दिवसापासून आजपर्यंत चप्पल बाहेर काढली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याला आठवायला लागलं आणि थांबेना. दाढ काढून आली होती ती, गाल सुजलेला. तो जेवताना म्हणाला होता, आज मीठ कमी आहे. तिनं मीठ आणून दिलं होतं. सुरुवातीच्या वर्षांत तो प्रत्येक ओळ आधी तिला वाचून दाखवायचा. ती म्हणायची, "नाही कळलं, पुन्हा वाचा." पुन्हा वाचायचा कंटाळा यायला लागला, तेव्हा दाखवणंच सोडलं.

आत आई खाटेवर पाय पसरून बसली होती. बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आला का माझा कवी!" आई ओरडली. "अरे, दवाखान्यात तुझं गाणं लागलं होतं. पेटीवाल्याचं नाव सांगितलं त्यांनी, मी लगेच ओळखलं. सगळ्यांना सांगितलं, हे माझ्या लेकानं लिहिलंय म्हणून. मग त्या बायका हिला विचारतात कशा, तुमच्यावरच लिहिलंय का हो?"

किल्लीवाल्यानं बायकोकडे बघितलं. "मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले." तिनं चादरीचं टोक टोकाला जुळवलं. "खोटं कशाला बोलू?"

आईला काहीतरी खटकलं असावं. तिनं पाय जवळ ओढून घेतले.

"एक विचारू का तुम्हाला?" बायको म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं त्याला जास्त भीती वाटली. "मी ताईशी गॅलरीत बोलत होते तेव्हा दारात कुणीतरी आल्यासारखं वाटलं होतं मला. तुम्ही होतात. ऐकलंत तुम्ही."

त्यानं दार मागं लोटून घेतलं.

"ऐकलंत, आणि इतके महिने एक शब्द काढला नाहीत. मी रोज वाट बघतेय, आणि तुम्हाला ठाऊक होतं. असं कसं हो जमतं माणसाला?"

हो म्हणून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. हो, ऐकलं होतं, धीर झाला नाही. त्यात निदान माणूस असल्यासारखं तरी वाटलं असतं. पण जीभ वळली ती खऱ्याकडेच.

"मी ऐकलं नाही. म्हणजे, कानावर पडलं. चालीत बसत होतं."

"चालीत?"

"मोजून बघितलं. बसलं. म्हणून लिहिलं."

"आणि अर्थ?"

"कच्च्या शब्दांचा अर्थ बघत नाही मी."

ती चादर हातातच धरून खाली बसली. तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. दवाखान्यातून घरी येईपर्यंत तिनं नवऱ्याला काय काय बोलायचं ते ठरवलं असणार, आणि त्यातलं काहीच आता उपयोगाचं नव्हतं.

"मी रडत होते हो तिथं," ती शेवटी म्हणाली.

"मला..."

"मी रडत होते आणि तुम्ही मोजत होतात."

खोलीत फक्त वाऱ्यानं खिडकीची कडी वाजत होती.

"त्याच्या पुढचं ऐकलंत का? त्यानंतर मी ताईला काय म्हणाले?"

नव्हतं ऐकलं. ओळ सापडली तसा तो पळाला होता. त्यानं मान हलवली.

"ताई म्हणाली, मग ये निघून, माझ्या वसतिगृहाच्या कोठीघराला माणूस पाहिजेच आहे. तर मी म्हटलं, नको, हे म्हणतील बघ, थांब म्हणून. त्यांना दिसतंय सगळं, बोलता येत नाही इतकंच." तिनं हातातली चादर मांडीवर ठेवली. "तुमची बाजू घेत होते मी."

किल्लीवाल्याला वाटलं आपण उभे आहोत ती फरशी कुणीतरी काढून घेतली. भिंतीला हात लावून तो म्हणाला, "थांब."

"काय?"

"थांब म्हणतोय. जाऊ नकोस."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिला हसू आलं, वाईट हसू. "आता म्हणू नका हो. गाण्यातलं म्हटल्यासारखं वाटतं. भाजीवाल्यापासून कंपाउंडरपर्यंत सगळे मला थांब म्हणून झालेत."

आणि ती बोलता बोलता मध्येच थांबली. तिची नजर त्याच्या हातावर गेली होती. त्यानंही बघितलं. भिंतीवर टेकलेल्या हाताचा अंगठा एकेका बोटाच्या पेरावरून पुढं सरकत होता. तिचं वाक्य मोजत होता.

"आत्तासुद्धा?" ती म्हणाली.

त्यानं हात असा मागं घेतला जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. त्याला खरंच कळलं नव्हतं. आपल्या अंगात हे असं चालू असतं, आपल्याला न विचारता, हे बघून त्याला जेवढं हादरायला झालं तेवढं सकाळपासून झालं नव्हतं.

"तोड मेल्या ते बोट," आई खाटेवरून म्हणाली. मग सुनेकडे वळून, खालच्या आवाजात, "जा गं तू. खुशाल जा. मला कुणी बोलावलं असतं तर मीही गेले असते. याचा बाप कुलपांशी बोलायचा, माझ्याशी नाही. मला बहीण नव्हती म्हणून राहिले."

लेक आईकडे बघतच राहिला. तिच्या तोंडून बापाबद्दल असं काही त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

"तुमचं कोण बघणार?" सून म्हणाली.

"हा आहे की. दोन हात आहेत. मोजायला तरी वापरतोच."

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता आणि ऊन नुसतं पांढरं होतं. तिची बॅग त्यानं उचलली. बसच्या थांब्यापर्यंत ती आईच्या औषधांचं सांगत होती. पांढरी गोळी जेवणाआधी, लाल नंतर, थेंब झोपताना. त्यानं पुन्हा सांगायला लावलं. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा ती वैतागली.

"एवढं काय अवघड आहे त्यात?"

"नुसतं कानावर पडायला नको म्हणून."

चौथ्यांदा तिनं आपणहून सांगितलं.

बस यायला वेळ होता. बाकावर बसलेल्या एका माणसाच्या फोनवर तीच चाल सुरू झाली. किल्लीवाला चरकला. बायकोनं पुढं वाकून त्या माणसाला सांगितलं, "भाऊ, जरा बंद करता का? डोकं दुखतंय." त्यानं केलं.

"पेटीवाले दुसरा अंतरा मागत असतील," ती म्हणाली.

"मागतोय. नाही देणार."

"गाणं वाईट नाहीये." तिनं रस्त्याकडे बघत म्हटलं. "बायका रडत होत्या दवाखान्यात. मलाही वाटलं, कोण बिचारी आहे ही. मग कळलं." थोड्या वेळानं ती म्हणाली, "माझं काही घ्यायचं असेल तर मला विचारायचं. ऐकून घ्यायचं, शेवटपर्यंत. मी हो म्हटलं तरच."

"आणि नाही म्हणालीस तर?"

"तर नदी आहेच की तुमची."

बस आली. ती पायरीवर चढली, मागं वळली. "महिनाभर काम बघते. मग येईन. येईन म्हणतेय. राहीन म्हटलेलं नाही, नीट ऐका."

"ऐकलं," तो म्हणाला. आणि भीत भीत स्वतःच्या हाताकडे बघितलं. दोन्ही हात बॅगेच्या पट्ट्यात अडकले होते. बॅग द्यायची राहिलीच होती. कंडक्टर ओरडला, माणसं हसली, तिनं हात लांब करून बॅग ओढून घेतली आणि बस गेली.

घरी आला तेव्हा आई खाटेच्या कडेला बसली होती.

"गेली?"

"गेली."

"माझ्या पोटात काही पडणार आहे का? ती पांढरी गोळी घ्यायचीये, तिच्यामागं जेवण लागतं."

तो स्वयंपाकघरात गेला. ओट्यासमोर उभा राहिला. एक कपाट उघडलं, तिथं डबे होते. दुसरं उघडलं, तिथं भांडी. इतकी वर्षं या घरात राहून बटाटे कुठं असतात हे त्याला माहीत नव्हतं.

"आई, बटाटे कुठं आहेत?"

"ओट्याखाली, टोपलीत. डोळे आहेत ना?"

टोपली होती. त्यानं चार बटाटे काढले, धुतले, जमिनीवर बसला आणि सुरीनं सोलायला लागला. पेटीवाल्याचा फोन येत होता, तो वाजून वाजून बंद पडला. आई दारातून बघत होती.

"जाड निघतायत रे सालं. निम्मा बटाटा टाकतोयस."

"बरं," तो म्हणाला, आणि सुरी जरा आडवी धरून पुढचा बटाटा घेतला.